स्थानाचे सत्य

एकाच वस्तूविषयी दोन प्रामाणिक माणसांनी दोन भिन्न विधाने केली आणि त्यांपैकी एकही खोटे ठरवता आले नाही, तर त्या वस्तूविषयीचे सत्य म्हणून आपण काय स्वीकारावे, हा प्रश्न भारतीय दर्शनकारांनी शतकानुशतके मोठ्या निष्ठेने चर्चिला आहे. तो केवळ आत्मा, जगत आणि मोक्ष यांच्या मीमांसेतच उद्भवतो अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु भूगोलविषयक माहिती एका संगणकव्यवस्थेकडून दुसरीकडे बिनचूक जावी म्हणून गेल्या तीस वर्षांत जी खुली मानके रचली गेली, त्यांचा परिचय करून घेत असताना तोच प्रश्न तितक्याच निकडीने तेथे उभा असलेला मला आढळला. आणि निरनिराळ्या देशांतील अभियंत्यांनी आपल्या व्यवहाराच्या गरजेपोटी त्याला दिलेले उत्तर जैन आचार्यांच्या उत्तराच्या इतके जवळ जाते, की त्याचा स्वतंत्र विचार करणे मला अगत्याचे वाटले.

प्रथम व्यवहार पाहू. नगरपालिकेच्या दप्तरी जलवाहिन्यांचा नकाशा असतो, पाटबंधारे खात्यापाशी पूररेषेचा, वनखात्यापाशी वनहद्दींचा आणि भूमी अभिलेख कार्यालयात जमिनीच्या गटांचा. प्रत्येकाचा संगणक निराळा, प्रणाली निराळी, आणि नकाशा ज्या काळी, ज्या कामासाठी तयार झाला तो काळ आणि ते कामही निराळे. नदी पात्र सोडून गावात शिरते तेव्हा मात्र हे चारही नकाशे एकावर एक ठेवून पाहण्याची पाळी येते, आणि त्या घटकेला असे दिसून येते की एका नकाशातील पूल दुसऱ्या नकाशातील नदीवर पडतच नाही. अशा प्रसंगी या व्यवस्थांनी एकमेकींशी कोणत्या रीतीने बोलावे, आपली माहिती कोणत्या रचनेत मांडावी आणि मागणाऱ्याने ती कशी मागावी, याविषयीचा जो लेखी करार कोणालाही वाचावयास, वापरावयास आणि अमलात आणावयास मोकळा असतो, आणि ज्याच्यावर कोण्या एका कंपनीची मालकी चालत नाही, त्याला खुले मानक म्हणतात.

आता एक अगदी लहानसे उदाहरण घेऊ. पुणे शहर सुमारे १८.५२ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७३.८६ अंश पूर्व रेखांशावर वसलेले आहे. नाविकांची आणि भूमापकांची जुनी परंपरा अशी की अक्षांश आधी सांगावा, रेखांश नंतर. गणित्यांची परंपरा अशी की आडव्या अक्षावरचे अंतर आधी सांगावे, उभ्या अक्षावरचे नंतर, म्हणजे ओघानेच रेखांश आधी आला. दोन्ही परंपरा सुविहित आहेत आणि दोन्हींना मानकांत स्थान मिळाले आहे. जिओजेसन नावाची जी सुटसुटीत लेखनपद्धती २०१६ साली अधिकृत मानकाच्या रूपाने प्रसिद्ध झाली, ती रेखांश आधी लिहिते. तर नकाशांची देवघेव करणाऱ्या वेब मॅप सर्व्हिस या मानकाच्या १.३.० या आवृत्तीत, अंशांत मोजणाऱ्या सर्वांत प्रचलित पद्धतीसाठी, अक्षांश आधी येतो. एका व्यवस्थेने पुणे एका क्रमाने सांगितले आणि दुसरीने ते दुसऱ्या क्रमाने ऐकले, तर पुणे शहर नॉर्वेच्या उत्तरेस, बेअर बेटाच्या दक्षिणेकडील गोठणाऱ्या समुद्रात जाऊन पडते. सांगणाऱ्याचे आकडे खरे असतात, ऐकणाऱ्याचे गणितही बरोबर असते, आणि तरी दोघांच्या मिळून झालेल्या व्यवहारातून असत्य निपजते.

क्रमाची ही गफलत निदान डोळ्यांना तत्काळ दिसते. जी दिसत नाही ती अधिक विचार करावयास लावते. ब्रिटिश भूमापक विल्यम लॅम्बटनने १८०२ साली मद्रासेजवळ आपली पहिली आधाररेषा मोजली आणि तेथून त्रिकोणामागून त्रिकोण रचीत तो उत्तरेकडे सरकत राहिला. १८२३ च्या जानेवारीत वर्धा नदीच्या खोऱ्यातील हिंगणघाट येथे काम चालू असतानाच त्याचा अंत झाला, आणि त्याचे दफनही तेथेच झाले. त्याचे काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने १८३० साली या मोजणीच्या आधाराने पृथ्वीच्या किंचित चपट्या गोलाची मापे निश्चित केली, आणि पुढे मध्य भारतातील कल्याणपूर हे आरंभस्थान धरून साऱ्या देशाचे नकाशे त्या गोलावर उभे राहिले. हा गोल भारतीय उपखंडाच्या पृष्ठाशी उत्तम जुळतो. मात्र त्याचे केंद्र पृथ्वीच्या वस्तुमानाच्या केंद्राशी जुळत नाही, कारण जुळावे अशी त्याच्याकडून कोणी अपेक्षाच केली नव्हती. उलट आज आपल्या हातातील यंत्र उपग्रहांच्या साह्याने जी स्थाने सांगते, ती १९८४ च्या जागतिक भूमापन पद्धतीप्रमाणे, म्हणजे संपूर्ण पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलेली असतात. परिणाम असा की महाराष्ट्रातील एखाद्या देवळाच्या कळसाचे जुन्या पद्धतीतील अक्षांश-रेखांश तसेच्या तसे नव्या नकाशावर मांडले, तर कळस शंभर-दीडशे मीटर दूर सरकतो. शंभर-दीडशे मीटर म्हणजे गावठाणात दोन आळ्या आणि शेतात दुसऱ्याचा गट. लॅम्बटनची माणसे चुकली नव्हती आणि उपग्रहही चुकत नाहीत. दोघांनी एकच पृथ्वी निरनिराळ्या जागी उभे राहून पाहिली.

जैन दर्शनात या अवस्थेला अतिशय काटेकोर परिभाषा आहे. वस्तू अनंत धर्मांनी युक्त असते. तिच्या एखाद्या अंगाकडे विशिष्ट बाजूने पाहणारी जी दृष्टी, ती नय. आपल्या बाजूने दिसते तेवढे सांगावे आणि दुसऱ्या बाजूंचा निषेध करू नये, हे नयाचे लक्षण होय. तोच नय ज्या क्षणी आपली बाजू हीच वस्तू असा आग्रह धरतो, त्या क्षणी तो दुर्नय होतो. बाराव्या शतकात हेमचंद्राने आणि पुढे त्याच्या स्तुतिकाव्यावर ‘स्याद्वादमंजरी’ लिहिणाऱ्या मल्लिषेणाने हा भेद फार स्पष्टपणे मांडला आहे. विधानाच्या मुळाशी ‘स्यात्’, म्हणजे अमुक एका अपेक्षेने, हा शब्द जोडावा, आणि तो उच्चारला नाही तरी तेथे आहे असे समजावे, ही त्या परंपरेची शिकवण आहे. ‘स्यात्’ म्हणजे ‘कदाचित’ असा अर्थ करून अनेकांनी या स्याद्वादाला संशयवाद ठरवले आहे, आणि तो त्याच्यावर मोठाच अन्याय आहे. कारण येथे संशयाला मुळीच थारा नसून विधानाची अपेक्षा निश्चित करण्याचा हा आग्रह आहे. कोणत्या अपेक्षेने बोलतोस ते सांग, म्हणजे तुझे विधान पूर्ण निश्चित होईल, असे तो म्हणतो.

स्थान सांगणाऱ्या आकड्यांच्या, म्हणजे निर्देशकांच्या, जोडीपाशी आपली पद्धती लिहिलेली नसेल तर ती जोडी नेमकी दुर्नयाच्या स्थितीत असते. ७३.८६ आणि १८.५२ हे आकडे स्वतः काहीच सांगत नाहीत. कोणत्या गोलावर, कोणत्या शून्यरेषेपासून, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या एककात, हे सांगितल्यावरच त्यांत सत्यासत्याचा प्रश्न उपस्थित होतो. खनिज तेलासाठी समुद्राचा तळ चाचपणाऱ्या कंपन्यांना ही गोष्ट विशेष निकडीने उमगली, कारण नाना देशांच्या नाना पद्धतींचे नकाशे घेऊन विहीर खणावयाची ती एकाच जागी असते. युरोपियन पेट्रोलियम सर्व्हे ग्रुप या त्यांच्या मंडळाने जगातील निर्देशकपद्धतींची जी नोंदवही सिद्ध केली, तीत प्रत्येक पद्धतीला एक क्रमांक आहे: १९८४ च्या जागतिक पद्धतीला ४३२६, कल्याणपूरच्या १९७५ च्या पद्धतीला ४१४६, आणि अशा सहस्रावधी. ते मंडळ त्या रूपात आज उरलेले नाही, पण नोंदवही चालू आहे आणि सर्वांना खुली आहे. निर्देशकांशेजारी लिहिलेला हा क्रमांक म्हणजे संगणकाच्या भाषेतील ‘स्यात्’ होय, असे मी म्हटले तर त्यात अलंकाराचा भाग फार थोडा आहे.

१९९४ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या आणि २००४ पासून ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने या क्षेत्रातील बहुतेक मानके जन्मास घातली. त्यांपैकी २००० साली प्रसिद्ध झालेल्या वेब मॅप सर्व्हिसची कार्यरीती मला विशेष मननीय वाटते. नकाशा मागणाऱ्या यंत्राने एकदम नकाशा मागू नये. त्याने आधी देणाऱ्या यंत्राला त्याच्या सामर्थ्याविषयी विचारावे, आणि देणाऱ्याने आपल्यापाशी कोणकोणते स्तर आहेत, ते पृथ्वीच्या किती भागापुरते आहेत, कोणकोणत्या निर्देशकपद्धतींत आपण ते देऊ शकतो, हे सारे रीतसर जाहीर करावे. त्यानंतरच मागणी होते, आणि मागणारा आपल्याला कोणत्या पद्धतीत नकाशा हवा हे त्या मागणीतच नमूद करतो. देवघेवीच्या आरंभी दोन्ही पक्षांनी आपली दृष्टी कबूल करण्याचा हा संकेत आपल्या सभासंमेलनांतून, न्यायालयांतून आणि वर्तमानपत्रांच्या स्तंभांतून पाळला गेला असता, तर किती वादांचे मूळच नाहीसे झाले असते, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

जैन आचार्य याहूनही खोल गेले. विधानाची अपेक्षा चार अंगांनी निश्चित करावी असे त्यांनी सांगितले: द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव; म्हणजे कोणत्या पदार्थाविषयी, कोठे, केव्हा आणि कोणत्या अवस्थेत. घट आहे, तो मातीचा म्हणून आहे, या ठिकाणी आहे, या काळी आहे, या रूपाने आहे. सोन्याचा म्हणून, अन्य ठिकाणी, अन्य काळी, अन्य रूपाने तो नाही. भौगोलिक माहितीविषयीच्या माहितीचे, म्हणजे तिच्या जन्मपत्रिकेचे, जे आंतरराष्ट्रीय मानक २००३ साली एकोणीस हजार एकशे पंधरा या क्रमांकाने प्रसिद्ध झाले, ते वाचताना ही चारही अंगे मला तेथे ओळखीची वाटली: माहिती कशाची, कोणत्या प्रदेशाची, कोणत्या दिनांकाची, आणि कोणत्या उगमातून किती अचूकतेने आलेली.

यांतील कालाचे अंग वरवर पाहता स्थानाशी असंबद्ध वाटेल. जमीन का कोठे जाते? परंतु जमीन खरोखरीच जाते. ज्या भूपट्टावर आपण राहतो तो दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकत आहे, आणि ऑस्ट्रेलियाचे खंड तर त्याहूनही वेगाने उत्तरेकडे चालले आहे. १९९४ साली निश्चित केलेली त्या देशाची निर्देशकपद्धती काही वर्षांतच उपग्रहांशी जुळेनाशी झाली, आणि २०२० ची नवी पद्धती स्वीकारताना देशातील प्रत्येक बिंदूचे निर्देशक सुमारे १.८ मीटरने बदलावे लागले. घरे जागची हलली नव्हती, कुंपणे हलली नव्हती, शेजाऱ्याशेजाऱ्यांतील अंतर तेवढेच होते. तरीही ‘हे घर येथे आहे’ या वाक्यात ‘आज’ हा शब्द अध्याहृत होता, हे त्या देशाला सरकारी हुकुमाने मान्य करावे लागले. क्षणोक्षणी बदलणाऱ्या जगात स्थिर काही सांगावयाचे तर काळाचे नाव घेऊनच सांगावे लागते, हा विचार पर्वतांना आणि खंडांनाही लागू आहे, हे आपल्या पिढीला मोजून कळले.

आता आक्षेप पाहिला पाहिजे, आणि तो लहान नाही. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादावर भाष्य करताना शंकराचार्यांनी स्याद्वादाचे खंडन केले, त्याचा मथितार्थ असा की एकाच वस्तूच्या ठिकाणी परस्परविरुद्ध धर्म एकाच वेळी राहू शकत नाहीत, आणि ज्याचे प्रत्येक वचन अनिश्चित आहे अशा गुरूच्या उपदेशावर विसंबून कोणी कृती तरी कशी करावी? प्रत्येकाची दृष्टी आपापल्या जागी खरी असे मानले, तर शेवटी सत्य नावाची वस्तू उरते कोठे? शेजारच्या दोन गावांच्या नकाशांत शिवेची रेषा निरनिराळ्या जागी दाखवली असेल, तर नांगर कोणत्या रेषेपाशी थांबवावा? दोन्ही खऱ्या, असे सांगून शेतकऱ्याचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

मला वाटते, या आक्षेपाचे सर्वांत बळकट उत्तर भूमापनशास्त्राने दिले आहे, आणि ते शब्दांनी न देता गणिताने दिले आहे. कल्याणपूरच्या पद्धतीतील निर्देशक आणि जागतिक पद्धतीतील निर्देशक यांच्यात ठराविक रूपांतर करता येते; एका गोलाचे केंद्र दुसऱ्याच्या केंद्रापासून तिन्ही दिशांनी किती दूर आहे आणि दोहोंचे आकार किती भिन्न आहेत, हे कळले की एका दृष्टीतील विधान दुसऱ्या दृष्टीत नेता येते आणि परत आणता येते. दोन दृष्टींच्या मागे एकच वस्तू नसती, तर हे रूपांतर कधीही साधले नसते. स्वप्नात पाहिलेल्या नगरीचे निर्देशक दुसऱ्याच्या स्वप्नातील नगरीच्या निर्देशकांत बदलून देणारे सूत्र नाही. म्हणजे अनेक दृष्टी स्वीकारल्याने एक सत्य लोप पावते ही भीती निराधार आहे. दृष्टी नीट जाहीर केल्या तर त्यांच्यातील सुसंगत रूपांतर हाच त्या एका सत्याचा पुरावा होतो. परस्परविरोध दिसतो तो अपेक्षा गाळलेल्या विधानांत. शंकराचार्यांच्या आक्षेपाचा रोख अनिश्चिततेवर होता, आणि अनिश्चितता येथे कबुलीतून येत नाही, ती कबुलीच्या अभावातून येते.

तरीही या उत्तराची मर्यादा झाकून ठेवणे योग्य होणार नाही. जुन्या त्रिकोणमालिकांत स्वतःचे असे लहानसहान ताण राहून गेले आहेत, म्हणून कोणतेही एक सूत्र साऱ्या देशाला लावले तर काही मीटरांची चूक उरतेच. शिवाय काही दृष्टींतून मागे फिरण्याचा मार्गच नसतो. एखाद्या नकाशात भीमा नदी ही रुंदी नसलेली रेषा असते, दुसऱ्यात ती दोन काठांनी वेढलेले क्षेत्र असते. क्षेत्रावरून रेषा काढता येते, रेषेवरून काठ पुन्हा सापडत नाहीत. एकोणिसाव्या शतकात इंदापूरपासून विंगेट आणि गोल्डस्मिड या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याची जी शेतवार मोजणी सुरू केली, तिचा हेतू जमाबंदीचा होता. तेहतीस फुटी साखळीने प्रत्येक शेत मोजले गेले, साखळीचा एक चौरस म्हणजे एक गुंठा असा सोयीचा हिशेब बसवला गेला, आणि प्रत्येक गावाचा नकाशा त्या गावापुरता पूर्ण झाला. पण पृथ्वीच्या गोलावर ते गाव कोठे बसते, हे त्या कागदाने सांगावे अशी अपेक्षाच नव्हती. आज ते नकाशे संगणकात आणून एकमेकांशेजारी ठेवताना गावांच्या शिवा जुळत नाहीत, याचे कारण मोजणीदारांचा निष्काळजीपणा हे नसून त्यांच्या दृष्टीचे क्षेत्र हे आहे. सर्व अंगांनी वस्तू एकदम पाहणारे ज्ञान जैनांनी केवलीपाशीच मानले. मानक हे केवलज्ञान नव्हे, आणि कोणत्याही शहाण्या अभियंत्याने तसा दावा केलेला नाही. काय हरवले आणि किती अचूकता उरली हे लिहून ठेवण्याची जागा मात्र ते देते.

येथेच अभावाविषयीचा एक मुद्दा नोंदवतो. वैशेषिकांच्या उत्तरकालीन परंपरेने अभाव हा स्वतंत्र, सातवा पदार्थ मानला. जे नाही त्याचेही ज्ञान असते आणि ते ‘आहे’च्या ज्ञानाहून भिन्न असते, हा त्यामागचा विचार. संगणकाच्या कारभारात या विवेकाचा विसर पडला की निर्देशक नसलेल्या नोंदीत रिकाम्या जागेऐवजी शून्य लिहिले जाते. आणि शून्य अक्षांश, शून्य रेखांश हे पश्चिम आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातातील एक खरेखुरे ठिकाण आहे. जगभरातील पत्ता न लागलेली घरे, अपघातस्थळे आणि छायाचित्रे तेथे त्या समुद्रात साचलेली असतात. ‘माहीत नाही’ हे सांगण्याची निराळी जागा विचारपूर्वक रचलेले मानक राखून ठेवते, आणि ती वापरावी की नाही हा केवळ तांत्रिक प्रश्न राहत नाही. तो सत्यव्रताचा प्रश्न होतो.

मग मनात असाही विचार येतो की सर्वांच्या दृष्टी सारख्याच मानल्या, तर त्यांतील एकीलाच सर्वांची मध्यस्थ का मानावे? मध्यस्थी करणारी १९८४ ची पद्धती अमेरिकेच्या लष्कराची आहे. शून्य रेखांश ग्रीनिचमधून जावे असा ठराव १८८४ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टन येथे बावीस मतांनी संमत झाला. एक मत विरुद्ध पडले, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले, आणि फ्रान्सने १९११ साली तो व्यवहारात स्वीकारला तेव्हाही कायद्यात ग्रीनिचचे नाव न घेता पॅरिसच्या वेळेतून नऊ मिनिटे एकवीस सेकंद वजा करण्याचे मुक्रर केले. आपल्या सिद्धांतग्रंथांत शून्यरेषा लंकेवरून आणि उज्जयिनीवरून जाई. तो मान गेला याची खंत करणाऱ्यांना मी एवढेच आठवण करून देईन की उज्जयिनीची रेषा मानणाऱ्या ज्योतिष्यांनी आपल्या गावाला उज्जयिनी कधीच म्हटले नाही. त्यांनी त्या रेषेपासून आपले देशांतर काढले, संस्कार केला आणि आपल्याच गावचा सूर्योदय सांगितला. शून्यरेषा कोठून जावी हे संकेताने ठरते आणि संकेत बहुधा बलवानांचे असतात, हे खरे आहे. परंतु संकेत उघड असला, त्याची मापे सर्वांना उपलब्ध असली आणि त्यातून बाहेर पडण्याचे सूत्र प्रत्येकाच्या हाती असले, तर तो दास्य ठरत नाही. बलवानाचा संकेत झाकलेला असणे ही खरी आपत्ती आहे.

म्हणून ‘खुले’ या विशेषणाला मी इतके महत्त्व देतो. सार्वजनिक पैशाने मोजलेली जमीन एखाद्या कंपनीच्या बंद लेखनपद्धतीत अडकून पडते, आणि त्या कंपनीचा परवाना संपला की खाते आपलेच नकाशे वाचू शकत नाही. हा जो परिग्रह आहे, त्यात नकाशे घेणाऱ्याइतकीच देणाऱ्याचीही हानी आहे. मराठी वाचकाला एक सूक्ष्म हानी विशेष जाणवावी अशी आहे. शेपफाइल नावाची जी रचना १९९० च्या दशकापासून जगभर रूढ झाली, तिचे वर्णन तिच्या निर्मात्यांनी प्रसिद्ध केले ही त्यांची उदारता; पण तिच्यात तक्त्याच्या रकान्याच्या नावाला दहाच बाइटांची जागा आहे, आणि युनिकोडच्या सर्वाधिक प्रचलित लेखनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे रकान्याचे नाव देवनागरीत लिहू गेले तर ‘नदी’ या शब्दातील दुसरी वेलांटीही स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जाते आणि चौथ्या चिन्हाला जागा उरत नाही. त्या रचनेत निर्देशकपद्धती सांगणारा मजकूरही एका निराळ्या, सक्तीच्या नसलेल्या फाइलीत ठेवलेला असतो, आणि नकाशा हातोहात फिरताना नेमकी तीच फाइल मागे राहते. नंतरच्या खुल्या मानकांनी युनिकोडला मुक्तद्वार दिले, त्यामुळे मोहोळ आणि मोहाडी ही गावांची नावे आपल्या लिपीत, न मोडता, एका व्यवस्थेतून दुसरीत जाऊ शकतात.

आपल्या देशात नकाशा ही दीर्घकाळ सरकारी कुलपातील वस्तू होती. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरिकांसाठी स्वतंत्र, जागतिक पद्धतीवर बेतलेली नकाशामाला मान्य केली, आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय नागरिकांना व संस्थांना भौगोलिक माहिती गोळा करण्यास, वापरण्यास आणि प्रसिद्ध करण्यास पुष्कळच मोकळीक दिली. अशा मोकळेपणाचे मोल संकटात कळते. १२ जानेवारी २०१० रोजी हैती देशात भूकंप झाला तेव्हा पोर्तोप्रिन्स शहराचा तपशीलवार नकाशा मदतपथकांपाशी नव्हता. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या प्रकल्पातील स्वयंसेवकांनी, बहुतेकांनी ते शहर कधीही पाहिलेले नसताना, उपग्रहचित्रांवरून काही आठवड्यांत तो रेखाटला, आणि लेखनाची रीत समान असल्यामुळे एकाने काढलेला रस्ता दुसऱ्याने काढलेल्या रस्त्याला जाऊन मिळाला. परस्परांची भाषा न जाणणाऱ्या माणसांकडून इतके निरपेक्ष दान क्वचितच घडले असेल.

मात्र रीत खुली असणे आणि सर्वस्व खुले असणे यांत भेद केला पाहिजे, आणि उत्साहाच्या भरात तो सुटतो. सह्याद्रीतील एखाद्या देवराईत दुर्मीळ वनस्पती असते. तिचे नेमके निर्देशक जगाला सांगणे म्हणजे तिच्या नाशाला निमंत्रण देणे. गावाने पिढ्यान्पिढ्या देवाच्या भयाने जे राखले ते आपण ज्ञानाच्या नावाने उधळून टाकू नये. खुले मानक असे उधळण्यास सांगत नाही. जे द्यावयाचे ते कोणत्या रीतीने द्यावे एवढेच ते सांगते. काय द्यावयाचे याचा निर्णय देणाऱ्याच्या विवेकावर आणि त्या भूमीवर राहणाऱ्यांच्या संमतीवर राहतो. मौनाला सत्यव्रतात स्थान आहे. निर्देशक मुद्दाम अंदाजी केले असतील तर ‘हे मुद्दाम अंदाजी केले आहेत’ असे लिहावे, म्हणजे गुप्तता राखली जाते आणि असत्यही घडत नाही.

तालुक्याच्या कचेरीत, महानगरपालिकेत, विद्यापीठात किंवा एखाद्या हौशी गिरिभ्रमण मंडळात, ज्यांच्या हातून आज नकाशे तयार होऊन दुसऱ्यांकडे जातात, त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी प्रत्येक नकाशासोबत निर्देशकपद्धतीचा क्रमांक, मोजणीचा दिनांक, माहितीचा उगम आणि अचूकतेचा अंदाज या चार नोंदी खुल्या मानकाच्या नमुन्यात लिहून द्याव्यात, आणि ज्या नकाशावर त्या नसतील तो स्वीकारण्यापूर्वी देणाऱ्याकडून त्या मागून घ्याव्यात.